शेततळ्यातील आजारी मासा : रोगाची पारख व उपचार

गोठ्यातील बैल आजारी पडला तर तो चारा सोडतो, रवंथ करीत नाही, कान पाडून उभा राहतो. त्याचे दुखणे त्याच दिवशी धन्याच्या नजरेस येते. शेततळ्यातील माशाचे तसे नाही. तो पाण्याखाली असतो, त्याला आवाज नाही, आणि तो मरून वर तरंगू लागेपर्यंत मालकास बहुधा काहीच कळत नाही. मेलेला मासा दिसल्यावर मग धावपळ सुरू होते. दुकानातून एखादे औषध आणून तळ्यात ओतले जाते, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा अधिक मासे तरंगताना दिसतात.

असे होण्याचे कारण सरळ आहे. शेततळ्यात एकाएकी होणारी मोठी मरतूक बहुतेक वेळा रोगाने होत नाही. ती पाणी बिघडल्याने होते. रोग आला तरी तोही पाणी बिघडून मासा अशक्त झाल्यावरच जोर धरतो. पाण्याचा दोष दूर न करता औषध घालणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असाच प्रकार होय. म्हणून मासा आजारी दिसताच आधी पाणी पाहावे, मग मासा पाहावा आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावा. या क्रमाने कसे चालावे याची माहिती पुढे दिली आहे.

शिरूर व दौंड येथील पाणी

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, कमी पावसाचे तालुके होत. घोड व भीमा या नद्या, शिरूरकडे चासकमानचा कालवा, दौंडकडे खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा आणि विहिरी व कूपनलिका यांवर येथील शेती चालते. कालव्याचे आवर्तन नसते त्या दिवसांत पाणी हाती असावे म्हणून अनेकांनी शेततळी खोदून त्यांस प्लॅस्टिकचे अस्तर घातले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर राज्यभर अशा तळ्यांची संख्या वाढली. साठविलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, चंदेरा या जातींचे मासे सोडून जोडउत्पन्न घेता येते.

परंतु सिंचनाचे तळे व माशांचे तळे यांच्या गरजा एक नाहीत. सिंचनाच्या तळ्याचे पाणी फेब्रुवारीपासून झपाट्याने उतरते, आणि नेमक्या त्याच काळात मासे वाढून मोठे झालेले असतात. पाणी निम्मे होते व माशांचे वजन दुप्पट होते. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियस तपमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसात मिलिग्रॅमच. माशांना लागणारा प्राणवायू मात्र उष्ण पाण्यात वाढतो. या दोन्ही तालुक्यांत उन्हाळ्यात मासे दगावतात, त्यांतील पुष्कळ मरतुकीचे मूळ या हिशेबात आहे.

पाणी कोठून येते हेही पाहिले पाहिजे. मुळा-मुठेचे पाणी पुणे शहराचे सांडपाणी घेऊन भीमेस मिळते. नदीला प्रवाह थोडा असताना असे पाणी उपसून तळ्यात घेतल्यास त्यातील कुजणारे पदार्थ तळ्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. कूपनलिकेचे पाणी दिसावयास स्वच्छ असते, पण त्यात प्राणवायू फारच कमी असतो. ते थेट नळीने तळाशी सोडू नये. उंचावरून, भोके पाडलेल्या पत्र्यावरून किंवा दगडांवर आपटत पडू द्यावे.

मरतुकीची तीन रूपे

मासे कशाने मरत आहेत हे ओळखण्यासाठी प्रथम हातात भिंग घेण्याचे कारण नाही. किती मासे मेले, कोणते मेले आणि केव्हा मेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुष्कळसा उलगडा होतो.

प्राणवायूची उणीव असेल तर मरतूक पहाटे होते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडे टाकून धापा टाकतात व पाणी आत येते त्या कोपऱ्यात गोळा होतात. मोठे मासे लहानांच्या आधी मरतात. कटला व चंदेरा आधी जातात, सायप्रिनस अधिक काळ तग धरतो, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ व मागूर बहुधा वाचतात. ऊन चढल्यावर वाचलेले मासे पुन्हा खाली जातात आणि सर्व काही ठीक झाल्यासारखे वाटते. ही फसवणूक आहे. उपाय न केल्यास दुसऱ्या पहाटे तोच प्रकार पुन्हा घडतो.

विषबाधा असेल तर वेळेचे बंधन राहत नाही. लहान-मोठे, सर्व जातींचे मासे काही तासांत एकदम मरतात. मरण्यापूर्वी ते वेडेवाकडे पोहतात, गिरक्या घेतात, उड्या मारतात. बेडूक, बेडकांची पिले व पाणकिडेही मेलेले दिसतात. अशा वेळी शेजारच्या कांद्यावर, भाजीपाल्यावर किंवा डाळिंबावर फवारणी झाली काय, फवारणीचा पंप तळ्यावर धुतला काय, अथवा पावसाचे पाणी फवारलेल्या शेतातून वाहत आत आले काय, याची प्रथम चौकशी करावी. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या वर्गातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात.

रोग असेल तर मरतूक हळूहळू चढते. पहिल्या दिवशी दोन, नंतर पाच, मग दहा, अशी ती वाढत जाते. बहुधा एकाच जातीचे किंवा एकाच आकाराचे मासे आधी बळी पडतात आणि त्यांच्या अंगावर, परांवर किंवा कल्ल्यांत काही ना काही खूण असते. मासे खाद्यावर येत नाहीत, कळप सोडून काठाशी सुस्त राहतात किंवा तळाशी, अस्तराला अंग घासतात.

ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्याकडे गेल्यावर या तीन रूपांपैकी कोणते आहे, हे ठरविल्याशिवाय कोणत्याही औषधाचे नाव सांगू नये.

पहाटेची पाहणी

तळ्यातील सूक्ष्म हिरवी शेवाळे दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. रात्री मात्र मासे, शेवाळे व कुजणारा गाळ हे सर्व मिळून तो वापरतात. म्हणून प्राणवायू सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. दुपारी बाराला पाणी तपासून ‘पाणी उत्तम आहे’ असा निर्वाळा देणे व्यर्थ होय. पाहणी पहाटेच करावी. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असल्यास मासे सुखाने वाढतात; ३ च्या खाली गेल्यास ते खाणे सोडतात व रोगास बळी पडतात; १ च्या खाली मरतूक सुरू होते. तपासणीची साधी पेटी बाजारात मिळते, आणि चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक घेतली तरी चालते.

पेटी नसल्यास पाण्याचा रंग पाहावा. काठीच्या टोकास पांढरी थाळी आडवी बांधून पाण्यात बुडवावी. ती ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली तर पाणी योग्य हिरवे आहे. २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार दाट झाले आहे असे समजावे. दाट हिरव्या पाण्यावर दोन-तीन दिवस सलग ढग राहिले किंवा शेवाळ एकदम मरून पाणी तपकिरी झाले की धोक्याची वेळ आली.

पाहणी करताना माणसाचा जीव धोक्यात घालू नये. अस्तर घातलेल्या तळ्याचा उतार ओला झाल्यावर निसरडा होतो व पोहता येणारा मनुष्यही त्यावरून वर चढू शकत नाही. अशा तळ्यावर पहाटेच्या अंधारात एकट्याने जाऊ नये. चारही बाजूंस गाठी मारलेले दोर काठाला पक्के बांधून पाण्यापर्यंत सोडावेत व एक फुगविलेली ट्यूब जवळ ठेवावी.

धापा टाकणाऱ्या माशांस तातडीची मदत

मासे वर येऊन धापा टाकताना दिसताच खाद्य व शेण घालणे त्याच क्षणी बंद करावे. पंप लावून तळ्याचेच पाणी उचलावे व हवेतून फवाऱ्यासारखे परत तळ्यात पडू द्यावे. पंपाची नळी तळाशी ठेवू नये, कारण तळचे पाणी सर्वांत वाईट असते व गाळ ढवळल्याने हानी वाढते. विहिरीचे चांगले पाणी उपलब्ध असल्यास ते वर सांगितल्याप्रमाणे आपटत आत सोडावे. पंप मध्यरात्रीपासून ऊन चांगले वर येईपर्यंत चालू ठेवावा. वीज रात्री जाण्याचा संभव असल्यास डिझेल इंजिनाची सोय आधीच करावी. काहीच साधन नसल्यास बांबूने पृष्ठभाग बडविणे हाही थोडा वेळ उपयोगी पडणारा उपाय आहे.

मासे विक्रीयोग्य झाले असतील व पाणी रोज उतरत असेल, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे काही मासे काढून विकणे. उरलेल्यांना त्यामुळे श्वास मिळतो आणि शेतकऱ्यास पैसा. तथापि, विषबाधेचा संशय असलेले किंवा औषध दिलेले मासे विकू नयेत व खाऊही नयेत.

मासा हाती घेऊन पाहणे

पाण्यात दोष आढळला नाही आणि मरतूक हळूहळू चढत असेल, तर मासा पाहावा. त्यासाठी मेलेला मासा कामाचा नाही. काही तासांतच त्याचे कल्ले पांढरे पडतात व अंगावर बुरशी येते. फेकजाळ्याने चार-पाच जिवंत, आजारी दिसणारे मासे व तुलनेसाठी एक-दोन चांगले मासे धरावेत. हात ओला करून मासा धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व तेथे रोग शिरतो.

प्रथम कल्ल्याचे झाकण उचलून पाहावे. निरोगी माशाचे कल्ले ताज्या रक्तासारखे लाल असतात. ते तपकिरी असल्यास पाण्यात नायट्राइट वाढल्याचा संशय घ्यावा. फिकट किंवा चिकट पदार्थाने माखलेले असल्यास परजीवी अथवा खराब पाणी, आणि तुकड्यातुकड्यांनी पांढरे-तांबडे होऊन झडत असल्यास कल्ले कुजण्याचा रोग असू शकतो. त्यानंतर डोळे, तोंड, खवले, परांच्या कडा, पोट व गुदद्वार या क्रमाने पाहणी करावी.

या भागातील तळ्यांत आढळू शकणारे मुख्य रोग असे :

माशाची ऊ. ही मसुराच्या डाळीएवढी, चपटी व जवळजवळ पारदर्शक असून नखाने सरकविता येते. मासे उड्या मारतात व अंग घासतात. अंगावर तांबडे ठिपके पडतात. ही ऊ आपली अंडी दगड, लाकूड अशा टणक वस्तूंवर घालते. म्हणून तळ्यात जागोजागी बांबू किंवा फळ्या उभ्या सोडाव्यात, दर तीन-चार दिवसांनी बाहेर काढून कडक उन्हात वाळवाव्यात व पुन्हा सोडाव्यात. खर्च नाही आणि उवांची पुढील पिढी कमी होते.

नांगरकृमी. माशाच्या अंगात डोके रुतवून बसलेला, दोऱ्यासारखा लोंबणारा हा जीव होय. थोड्या माशांवर असल्यास चिमट्याने मुळाशी धरून काढावा व मासा मिठाच्या पाण्यातून काढून सोडावा.

पांढरे ठिपके. अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो. म्हणून एकदा औषध घालून भागत नाही, उपचार पुनःपुन्हा करावा लागतो.

बुरशी. कापसासारखे पांढरट पुंजके जखमेवर वाढतात. ही बहुधा दुय्यम व्याधी असते. जाळ्याने किंवा हाताळणीने झालेली जखम हे मूळ कारण असते.

पर व शेपूट सडणे. परांच्या कडा पांढऱ्या होऊन झडू लागतात. हा जिवाणूंचा रोग गर्दीच्या व घाणेरड्या पाण्यात होतो.

जलोदर. पोट फुगते, खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात. असा मासा क्वचितच वाचतो. तो काढून टाकावा आणि बाकीच्यांसाठी पाणी सुधारावे.

लाल चट्ट्यांचा रोग. अंगावर लाल ठिपके, मग खोल जखमा होतात व मांस उघडे पडते. भारतात हा रोग १९८८ साली ईशान्येकडील राज्यांत प्रथम आढळला व पुढे देशभर पसरला. त्याचे कारण एक प्रकारची बुरशी असून पावसाळा संपून पाणी थंड होऊ लागले की तो उद्भवतो. मरळ, मृगळ व लहान रानमासे यांना तो लवकर जडतो. रानमासे व पुराचे पाणी तळ्यात येऊ न देणे हा पहिला बंदोबस्त होय. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर ‘सीफॅक्स’ नावाचे औषध तयार केले आहे. एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर खोल पाणी, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी असेल, तर त्यास हे औषध एक लिटर लागते.

औषधापूर्वी पाणी मोजावे

औषध तळ्याला नव्हे, तळ्यात त्या दिवशी असलेल्या पाण्याला द्यावयाचे असते. येथे होणारी चूक फार महाग पडते. वर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि दीडास एक उतार असलेल्या तळ्याचा तळ २१ मीटर लांब व २१ मीटर रुंद असतो. पाण्याच्या वरच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ व तळाचे क्षेत्रफळ यांची सरासरी काढून तिला पाण्याच्या खोलीने गुणावे, म्हणजे पाण्याचे माप अजमासे कळते.

तळे भरलेले असता वरचे क्षेत्र ९०० व तळाचे ४४१ चौरस मीटर. पाणी सुमारे २,००० घनमीटर. पाणी २ मीटर उरले असता पृष्ठाची बाजू २७ मीटर, क्षेत्र ७२९ चौरस मीटर. पाणी सुमारे १,१७० घनमीटर. पाणी १ मीटर उरले असता बाजू २४ मीटर, क्षेत्र ५७६ चौरस मीटर. पाणी सुमारे ५१० घनमीटरच.

पोटॅशियम परमँगनेट हे जिवाणू, बुरशी व काही बाह्य परजीवींवर वापरले जाणारे औषध लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला २ ग्रॅम या प्रमाणात देतात. हिशेबाने भरलेल्या तळ्यास ४ किलो, दोन मीटर पाण्यास सुमारे २ किलो ३०० ग्रॅम व एक मीटर पाण्यास १ किलो औषध लागेल. कागदावरील क्षमता पाहून मे महिन्यात ४ किलो औषध टाकले, तर मासे रोगाने नव्हे, चौपट औषधाने मरतील.

हे औषध बादलीत पूर्ण विरघळवून, सकाळी ऊन चढल्यावर, सर्व तळ्यात सारखे शिंपडावे. ते शेवाळही मारते, त्यामुळे पुढील रात्री प्राणवायू घटतो. पंपाची सोय ठेवल्याशिवाय ते वापरू नये. मासे धापा टाकीत असताना तर मुळीच वापरू नये. पाण्यात घाण फार असल्यास जांभळा रंग तासाभरातच तपकिरी होतो व औषधाचा गुण येत नाही. तेव्हा मात्रा वाढवीत न जाता आधी पाणी बदलावे. तळ्याचे पाणी जनावरे पीत असतील तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्याशिवाय कोणतेही औषध घालू नये.

चुन्याविषयीही सावधगिरी हवी. मातीच्या तळ्यास मासे सोडण्यापूर्वी हेक्टरी २०० ते २५० किलो चुना देण्याची पद्धत चांगली आहे. परंतु या तालुक्यांतील विहिरींचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू साडेआठच्या वर असताना चुना घातल्यास सामू आणखी चढतो व माशांच्या विष्ठेतून आलेला अमोनिया अधिक विषारी होतो. सामू मोजण्याची कागदी पट्टी अल्प किमतीत मिळते. ती न वापरता चुना घालू नये.

क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान वर्गातील औषधे व मॅलाकाइट ग्रीन हा रंग खाण्याच्या माशांस देण्यास मनाई आहे. त्यांचे अंश मांसात राहतात व खाणाऱ्याच्या आरोग्यास बाधक ठरतात. शेतातील कीटकनाशक उवा मारण्यासाठी आपल्या अंदाजाने तळ्यात टाकणे हेही तितकेच वर्ज्य समजावे.

मीठ : घरचे औषध

थोडे मासे आजारी असल्यास सर्वांत सुरक्षित उपचार मिठाच्या पाण्याचा होय. तळ्याच्याच १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम जाडे मीठ पूर्ण विरघळवावे. मासे जाळीत घेऊन त्यात पाच मिनिटे ठेवावेत. एखादा मासा कलंडू लागला तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहता लगेच सर्व बाहेर काढून चांगल्या पाण्यात सोडावेत. नवीन बोटुकली आणल्यावरही हेच पाणी वापरावे. मात्र बोटुकलीस एक ते दोन मिनिटे पुरे होतात. तत्पूर्वी पिशवी बंदच ठेवून १५ ते २० मिनिटे तळ्यावर तरंगू द्यावी, म्हणजे आतले व बाहेरचे तपमान सारखे होते.

शाळेत किंवा घरी काचपेटीत ठेवलेल्या शोभेच्या माशांस हेच नियम लागू पडतात. मासा सुस्त झाला की पेटीतील एक चतुर्थांश पाणी बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरावे, कारण त्यातील क्लोरीन कल्ल्यांस अपायकारक असते. नव्या पेटीत अमोनियाचे रूपांतर करणारे उपकारक जिवाणू वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत व दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात काही दिवस ठेवावा व त्यात हवा सोडावी.

नमुना कसा पाठवावा

रोग ओळखता आला नाही किंवा मरतूक थांबली नाही, तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या पुणे येथील कार्यालयाशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. सोबत पुढील गोष्टी न्याव्यात : प्राणवायू भरलेल्या पिशवीत दोन-तीन जिवंत आजारी मासे, हे शक्य नसल्यास नुकतेच मेलेले मासे कोरड्या पिशवीत घालून बर्फात, आणि स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून बूच लावलेले एक लिटर पाणी. कागदावर तळ्याचे माप, त्या दिवशीची पाण्याची खोली, सोडलेल्या माशांच्या जाती व संख्या, रोजचे खाद्य, पाणी कोठून घेतले, गेल्या आठ दिवसांत आसपास कोणती फवारणी झाली, मरतूक कोणत्या तारखेस सुरू झाली व रोज किती झाली, हे लिहावे. हा कागद नमुन्याइतकाच मोलाचा आहे.

मेलेले मासे कालव्यात, ओढ्यात किंवा नदीत फेकू नयेत. तसे केल्याने रोग खालच्या गावांच्या तळ्यांत जातो. पाण्यापासून दूर खड्डा खणून, चुना टाकून पुरावेत. जाळी व बादल्या दुसऱ्या तळ्यावर नेण्यापूर्वी धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात.

रोग येऊच नये म्हणून

हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली हे सर्वसाधारण प्रमाण होय. त्या हिशेबाने ३० मीटर लांब-रुंद तळ्यात ४५० ते ९०० बोटुकली पुरतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरणार असेल तर यांतील लहान आकडाच धरावा. यंत्राने हवा देण्याची सोय नसताना हजारो बोटुकली सोडणे म्हणजे आपणच मरतुकीस निमंत्रण देणे होय. खाद्य माशांच्या अंदाजे वजनाच्या शेकडा २ ते ३ द्यावे आणि ढगाळ दिवशी निम्मे करावे. उरलेले खाद्य तळाशी कुजते. सिंचनासाठी पाणी उपसताना निदान दीड मीटर पाणी माशांसाठी राखावे. ते शक्य नसल्यास मासे आधी काढावेत. हंगाम संपल्यावर तळे रिकामे करून गाळ काढावा व उन्हात वाळू द्यावे.

एक वही तळ्यावर ठेवून रोज पहाटे मासे कोठे होते, खाद्य किती उरले, पाण्याचा रंग कसा होता, एवढ्या तीन ओळी लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. ज्याच्या वहीत या नोंदी आहेत त्यास मरतुकीची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते, आणि तेवढ्या अवधीत पंप, चांगले पाणी व थोडे मीठ यांवर काम भागण्याची शक्यता पुष्कळ असते. ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या गावातील प्रत्येक मत्स्यपालकाकडे अशी वही आहे की नाही, हे उन्हाळा लागण्यापूर्वी पाहावे.